ग्रूम लेक: नाकारलेल्या तळाची अठ्ठावन्न वर्षे

१९७४ सालच्या फेब्रुवारीत 'स्कायलॅब' या अमेरिकी अवकाशस्थानकातून शेवटचा चमू पृथ्वीवर परतला. अंतराळवीरांनी काढलेल्या छायाचित्रांच्या ढिगात नेवाडा राज्यातील एका कोरड्या सरोवराचे छायाचित्र निघाले आणि वॉशिंग्टनमधील गुप्तचर वर्तुळात धावपळ सुरू झाली. त्या एप्रिलमध्ये सीआयएचे प्रमुख विल्यम कोल्बी यांच्यापुढे जे टिपण ठेवले गेले, त्यात असे नमूद होते की हे ठिकाण टिपू नये अशी स्पष्ट सूचना अंतराळवीरांना दिलेली होती, आणि अशी सूचना असलेले ते एकमेव ठिकाण होते. छायाचित्र दडवावे की इतर छायाचित्रांबरोबर खुले करावे, यावर खात्याखात्यांत मतभेद होते. कोल्बी यांनी त्या टिपणावर स्वतःच्या हाताने काही शंका लिहिल्या. सोव्हिएत संघाकडे त्यांच्या उपग्रहांनी काढलेली याच जागेची छायाचित्रे असतीलच; मग या छायाचित्रातून नेमके काय उघड होते? आणि उघड झालेच, तर तिथे हवाई दलाचे गोपनीय काम चालते एवढे सांगून भागणार नाही का?

या शंकांना सरळ उत्तर मिळाले असते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा घडला असता. छायाचित्र शेवटी इतर हजारो छायाचित्रांबरोबर सार्वजनिक संग्रहात गेले आणि तिथे ते कुणाच्या लक्षातही आले नाही. तळाचे अस्तित्व मात्र नाकारलेलेच राहिले, ते २०१३पर्यंत. 'एरिया ५१' या नावाने जगभर माहीत असलेल्या या तळाचा अभ्यास बहुतेक वेळा उडत्या तबकड्यांपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्याहून मर्यादित आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे: विमाने गुप्त ठेवणे आणि ती जिथून उडतात ती जागाच नसल्याचे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी असताना त्या एकच मानल्या गेल्या, तेव्हा काय घडले आणि त्याची किंमत कुणी मोजली.

जागा

लास व्हेगासच्या उत्तर-वायव्येला सुमारे १३० किलोमीटरवर, डोंगरांच्या कड्यात बसलेले ग्रूम लेक हे नावापुरतेच सरोवर आहे. कच्छचे पांढरे रण ज्यांनी पाहिले आहे त्यांना या भूमीची कल्पना चटकन येईल. थोडा पाऊस पडला की चिकणमाती आणि क्षार यांच्या थरावर पाण्याची पातळ चादर पसरते, वारा ती इकडून तिकडे लोटत राहतो, पाणी आटते आणि मागे टणक, सपाट पृष्ठभाग उरतो. हजारो वर्षे हे घडत राहिल्यामुळे तयार झालेली ही जमीन म्हणजे निसर्गाने बांधलेली आणि कोणत्याही दिशेने उतरता येईल अशी धावपट्टीच. एकोणिसाव्या शतकात या परिसरात शिसे आणि चांदी सापडली, तेव्हा इथे खाणकामगार आले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी सरोवराच्या कडेला साध्या धावपट्ट्या आखल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या. १९५१पासून शेजारच्या भूभागावर अणुबाँबच्या चाचण्या होऊ लागल्या आणि त्यामुळे सगळा प्रदेश सामान्य माणसाला आपोआपच बंद झाला.

एप्रिल १९५५मध्ये सीआयएचे रिचर्ड बिसेल, हवाई दलाचे कर्नल ऑस्मंड रिटलंड, लॉकहीड कंपनीचे विमानरचनाकार केली जॉन्सन आणि चाचणी वैमानिक टोनी लव्हिएर हे एका छोट्या विमानातून यू-२ या नव्या हेरविमानाच्या गुप्त चाचण्यांसाठी जागा शोधत निघाले होते. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळ अशाच कोरड्या सरोवराच्या काठी होता, पण तिथे माणसांची वर्दळ फार होती. त्यांना हवा होता माणसांच्या नजरेपलीकडचा सपाट माळ. ग्रूम लेक पाहताच त्यांचा शोध संपला आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ही जमीन अणुचाचणी क्षेत्राला जोडण्यास मान्यता दिली. कामगारांनी या उजाड रानात यावे म्हणून जॉन्सन यांनी तिला 'पॅराडाइज रँच' असे लोभस नाव दिले. तिथे काम करणारे मात्र तिला नुसते 'रँच' म्हणत. ५१ या आकड्याचा उगम अणुऊर्जा आयोगाच्या नकाशावरील क्रमांकांच्या चौकटींत आहे. १९५८मध्ये सहा मैल रुंद आणि दहा मैल लांब असा आयताकृती तुकडा रीतसर बंद करण्यात आला, तो याच क्रमांकाचा.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की सुरुवातीला या जागेचे अस्तित्व पूर्णपणे नाकारले गेले नव्हते. अणुऊर्जा आयोगाने १९५५मध्येच ग्रूम लेकजवळ छोटी धावपट्टी आणि काही इमारती बांधल्या जात असल्याचे एका पत्रकाद्वारे जाहीर केले होते आणि 'वॉटरटाउन' हे नावही वापरात होते. यू-२ हे विमान हवामानाच्या संशोधनासाठी आहे, अशी बतावणी त्याला जोडली गेली. अर्धसत्य सांगण्याची ही पद्धत काही वर्षे पुरेशी ठरली. संपूर्ण मौनाची सवय नंतर लागली, आणि ती का लागली याचे समाधानकारक कारण मला या सगळ्या इतिहासात कुठेही आढळले नाही.

आकाशातील ठिणग्या

जुलै १९५५च्या अखेरीस पहिले यू-२ विमान सुटे भाग करून मालवाहू विमानातून आणले गेले. १ ऑगस्टला लव्हिएर ते केवळ जमिनीवर वेगाने धाववून पाहत असताना ग्लायडरसारख्या लांब पंखांनी ते आपसूक हवेत उचलले गेले. ते विमान हलके होते, त्याचे पंख सुमारे ८० फूट पसरलेले होते आणि ते ६०,००० फुटांहून अधिक उंचीवर जाण्यासाठी घडवलेले होते. त्या काळी प्रवासी विमाने साधारण १० ते २० हजार फुटांवरून आणि लढाऊ वा बाँबफेकी विमाने जास्तीत जास्त ४० हजारांच्या आसपास उडत. त्याहून वर माणूस विमान नेऊ शकतो, ही कल्पनाच सर्वसामान्य वैमानिकाच्या मनात नव्हती.

दंतकथेचे बीज इथे आहे आणि ते समजायला प्रकाशशास्त्राचा साधा नियम पुरतो. संध्याकाळी एखादे प्रवासी विमान पश्चिमेकडे निघालेले आहे. त्याच्या उंचीवर सूर्य क्षितिजाखाली गेला आहे, खाली जमीन काळोखात आहे. पण आणखी ४०,००० फूट वर सूर्य अजून मावळलेला नाही, आणि तिथून जाणाऱ्या यू-२च्या चंदेरी पंखांवर तो लखलखतो आहे. पंखांना काळा रंग देण्याची पद्धत त्या वेळी आलेली नव्हती. खालच्या वैमानिकाला दिसते ती आपल्या डोक्यावर फार उंच जळणारी, विलक्षण संथ वाटणारी एक वस्तू. हा वैमानिक अनुभवी आहे, शुद्धीत आहे आणि त्याने जे पाहिले ते खरोखर पाहिले आहे. तो नियंत्रण कक्षाला कळवतो, हवाई दलाला पत्र लिहितो.

ही पत्रे हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या चौकशी विभागाकडे जात. १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदी या विभागाकडे जमा झाल्या आणि त्यांतील ७०१ अखेरपर्यंत उलगडल्या नाहीत. सीआयएच्या अंतर्गत इतिहासात असे लिहिले आहे की ब्लू बुकचे अधिकारी वॉशिंग्टनमधील यू-२ प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांना विचारून तक्रारी आणि उड्डाणांच्या नोंदी ताडून पाहत. जुळणी झाली तरी पत्र लिहिणाऱ्याला खरे उत्तर देता येत नसे. त्याला हवामानाची, ढगांची किंवा बर्फाच्या स्फटिकांची काहीतरी सबब सांगितली जाई आणि त्याला ती पटत नसे, कारण त्याने पाहिलेले ढगासारखे मुळीच नव्हते. खरे पाहणाऱ्याला खोटे उत्तर मिळाले की त्याचा सरकारवरचा विश्वास उडतो, आणि त्याच्यापुढे मोकळ्या पडलेल्या जागेत कोणताही खुलासा राहायला येऊ शकतो.

त्याच इतिहासात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आणि १९६०च्या दशकातील बहुतांश काळातील उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून अधिक नोंदी यू-२ आणि त्यानंतरच्या ए-१२ विमानांमुळे झाल्या असाही दावा आहे. तो दावा मी जपून वाचतो. प्रत्येक नोंद कोणत्या उड्डाणाशी जुळली याची यादी त्यासोबत नाही, आणि 'उडती तबकडी' हा शब्दप्रयोग तर १९४७चा, म्हणजे ग्रूम लेकवर पहिली वीट बसण्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. रॉसवेलची घटनाही १९४७चीच आणि शेजारच्याच नव्हे तर पार न्यू मेक्सिको राज्यातली. तिथे पडलेला मलबा सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या 'मोगल' प्रकल्पातील फुग्यांचा होता, असे हवाई दलाने १९९४मध्ये जाहीर केले. रॉसवेलचे अवशेष ग्रूम लेकला आणून ठेवले ही कथा फार नंतर जोडली गेली आहे. आपल्याकडे एखाद्या पडक्या किल्ल्याला पंचक्रोशीतल्या सगळ्या भुयारांच्या आणि खजिन्यांच्या गोष्टी येऊन चिकटतात, तसेच हे झाले.

वेगवान विमान आणि वाढते मौन

१ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्स यांचे यू-२ सोव्हिएत हद्दीत पाडले गेले. हवामान संशोधनाची बतावणी जगापुढे उघडी पडली आणि आयझेनहॉवर यांची नाचक्की झाली. त्याआधीच यू-२चा वारस तयार होत होता. ए-१२ हे आवाजाच्या तिपटीहून अधिक वेगाने, सुमारे ९०,००० फुटांवरून जाणारे विमान होते. घर्षणाच्या उष्णतेला अॅल्युमिनियम टिकत नाही म्हणून ते टायटॅनियमचे घडवले होते, आणि त्यातले बरेचसे टायटॅनियम मध्यस्थांमार्फत सोव्हिएत संघातूनच विकत आणले होते. त्याच्यासाठी ग्रूम लेकवर ८,५०० फूट लांबीची धावपट्टी बांधली गेली आणि एप्रिल १९६२मध्ये लू शॉक यांनी ते पहिल्यांदा उडवले. पुढल्या काही वर्षांत या विमानांची तिथे सुमारे २,८५० चाचणी उड्डाणे झाली.

मे १९६३मध्ये यांतले एक विमान युटा राज्यात कोसळले. वैमानिक केन कॉलिन्स वाचले आणि वृत्तपत्रांना सांगण्यात आले की पडलेले विमान एफ-१०५ जातीचे होते. फेब्रुवारी १९६४मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या कुळातील विमानाचे अस्तित्व 'ए-११' या नावाने जाहीर केले, पण ते एडवर्ड्स तळावर चाचण्या घेत असल्याचे सांगितले. तो शब्द खरा करण्यासाठी ग्रूम लेकहून दोन विमाने घाईघाईने एडवर्ड्सला उडवत नेली गेली. ती इतकी तापलेली होती की हँगरमध्ये शिरताच छताला बसवलेली आग विझवणारी फवारणी सुरू झाली आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना अंघोळ घडली. विमान जाहीर झाले, जागा झाली नाही. कोल्बींची दहा वर्षांनंतरची शंका याच प्रसंगात दडलेली आहे.

सोव्हिएत उपग्रहांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक तळावर माहीत असे आणि त्या वेळी विमाने छपराखाली ढकलली जात. १९९८मध्ये पोखरणला आपल्या लष्कराच्या अभियंत्यांनी अमेरिकी उपग्रहांच्या बाबतीत जी दक्षता घेतली, तिचा हा जुना अवतार म्हणता येईल. अशा दक्षतेवर माझा काहीच आक्षेप नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलमार्फत मिळालेले मिग-२१ विमान इथे उडवून त्याचे गुणदोष अभ्यासले गेले; १ डिसेंबर १९७७ रोजी रडारला न दिसणाऱ्या विमानाची पहिली छोटी प्रतिकृती 'हॅव ब्लू' इथून उडाली; आणि जून १९८१मध्ये तिचे पूर्ण रूप असलेले एफ-११७ उडाले, जे जगाला नोव्हेंबर १९८८पर्यंत दाखवले गेले नाही. चमत्कारिक कोनांचे, काळे, शेपटीचे पंख तिरपे असलेले हे विमान रात्री कुणी पाहिले असेल, तर त्याला ते पृथ्वीवरचे वाटले नसेल यात नवल नाही. ही गुपिते राखण्याजोगी होती आणि ती उत्तम राखली गेली.

कथा गावात येते

१९८४मध्ये हवाई दलाने ग्रूम डोंगररांगेतील सुमारे ८९,००० एकर सार्वजनिक जमीन लोकांना बंद केली. संसदेची मंजुरी घेण्यापूर्वीच पहारेकरी उभे राहिल्याने स्थानिक पशुपालक, शिकारी आणि पर्यावरणवादी संतापले, आणि ज्या तळाची कुणी फारशी चौकशी करत नव्हते त्याच्याकडे राज्याचे लक्ष वळले. त्यात १९८९मध्ये लास व्हेगासच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर पत्रकार जॉर्ज नॅप यांनी बॉब लझार यांची मुलाखत दाखवली. ग्रूम लेकच्या दक्षिणेला पापूस लेकजवळ 'एस-४' नावाच्या ठिकाणी आपण परग्रहावरील यानांच्या यंत्रणेवर काम केले, ती याने ११५ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चालतात, असे लझार यांचे म्हणणे होते. ज्या नामांकित संस्थांत शिकल्याचे ते सांगतात, तिथे त्यांची नोंद मिळालेली नाही. ११५ क्रमांकाचे मूलद्रव्य पुढे २००३मध्ये रशियातील दुब्ना येथे खरोखर तयार केले गेले, २०१६मध्ये त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळाले, आणि त्याचे अणू सेकंदाचा काही अंशच टिकतात. इंधन म्हणून ते साठवून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. लझार यांचे श्रद्धावंत याला वेगळे उत्तर देतात, ते असो.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की ही कथा खोडून काढू शकणारा एकमेव पक्ष बोलूच शकत नव्हता. 'आमच्या तळावर तबकड्या नाहीत' असे म्हणण्यासाठी आधी तळ आहे हे मान्य करावे लागते. कागदोपत्री नसलेल्या जागेबद्दल कुणी काहीही सांगितले, तर त्याचा प्रतिवाद कोण करणार? आणि काही जणांना प्रतिवाद करायचाही नव्हता, असे आता दिसते. जून २०२५मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने दिलेल्या वृत्तानुसार, अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकशीत असे आढळले की १९८०च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने तळाजवळच्या मद्यालयाच्या मालकाला उडत्या तबकड्यांची बनावट छायाचित्रे दिली होती आणि ती भिंतीवर लावली गेली. हेतू उघड आहे: रात्री दिसणाऱ्या काळ्या विमानाची चर्चा परग्रहाकडे वळवावी. म्हणजे जी दंतकथा आधी मौनातून आपोआप उगवली, तिला पुढे खतपाणीही घातले गेले.

रेचेल ही पन्नासेक माणसांची वस्ती या कथेवर जगू लागली. १९९६मध्ये राज्याने तिथल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला 'परग्रहवासी महामार्ग' असे अधिकृत नाव दिले, म्हणजे तळाआधी परग्रहवासीच सरकारी पाटीवर आले. कुतूहलाने येणारे लोक 'फ्रीडम रिज' नावाच्या टेकाडावरून दुर्बिणीने तळ पाहत. एप्रिल १९९५मध्ये तेही बंद झाले. तेव्हापासून सर्वांत जवळची मोकळी जागा म्हणजे सुमारे ४० किलोमीटर दूरचे टिकाबू शिखर.

ज्यांची कथा झाली नाही

दररोज सकाळी लास व्हेगासच्या विमानतळावरून लाल पट्ट्याची, नाव नसलेली पांढरी विमाने शेकडो कामगारांना घेऊन वाळवंटाकडे जातात आणि संध्याकाळी परततात. यांत अभियंते असतात तसे पत्रा ठोकणारे, रंगारी, स्वयंपाकी आणि झाडलोट करणारेही असतात. आपण कुठे काम करतो हे घरी सांगायचे नाही, या अटीवर त्यांनी सह्या केलेल्या असतात. तळाच्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत गंभीर भाग यांच्याशी निगडित आहे, आणि तबकड्यांच्या गर्दीत तो फार कमी वाचला जातो.

१९९४मध्ये काही कामगारांनी, नावे गुप्त ठेवून, आणि दोन मृत कामगारांच्या विधवांनी हवाई दल, संरक्षण खाते आणि पर्यावरण संरक्षण संस्था यांच्याविरुद्ध दावे दाखल केले. त्यांचे वकील जोनाथन टर्ली होते. आरोप असा होता की १९७०च्या आणि ८०च्या दशकांत तळावर उघडे खड्डे खणून त्यांत रसायनांची पिंपे आणि विमानबांधणीतील टाकाऊ सामान जेट इंधन ओतून जाळले जाई, त्याचा धूर कामगारांच्या अंगावर येई, आणि संरक्षक साधने मागितली तरी दिली जात नसत. कामगारांच्या त्वचेला भेगा पडल्या होत्या, खपल्या धरत होत्या, श्वसनाचे विकार जडले होते. त्यांना भरपाईच्या रकमेपेक्षा आधी हे हवे होते की आपण काय हुंगले हे कळावे, म्हणजे डॉक्टरांना ते सांगता येईल. घातक कचऱ्याविषयीचा केंद्रीय कायदा १९७६पासून अमलात होता आणि तो सरकारी आस्थापनांनाही लागू होता.

सरकारची भूमिका अशी राहिली की तळाबाबत कोणतीही माहिती दिली तर राष्ट्राच्या सुरक्षेला बाधा येईल. कामगारांच्या वकिलांनी तळाचे म्हणून सादर केलेले कागदही गोपनीय ठरवले गेले. न्यायाधीशांसमोर ज्या ठिकाणी गुन्हा घडल्याचा आरोप होता, त्या ठिकाणाचे नावही सरकार उच्चारायला तयार नव्हते. पर्यावरण संस्थेने अखेर तळाची तपासणी केली, पण तिचा निष्कर्ष जाहीर करण्याची कायद्यातील तरतूद आड आली. तेव्हा २९ सप्टेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका आदेशाने 'नेवाडातील ग्रूम लेकजवळील हवाई दलाचे कार्यस्थळ' या तरतुदीतून वगळले. पुढे ही सूट वर्षानुवर्षे नव्याने दिली जात राहिली. अपील न्यायालयाने जानेवारी १९९८मध्ये सरकारच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि दावे संपले. कोणती रसायने जाळली गेली हे त्या कामगारांना अधिकृतपणे कधीच सांगितले गेले नाही.

या निकालांचा पाया १९५३च्या रेनल्ड्स खटल्यात आहे. १९४८मध्ये जॉर्जिया राज्यात एक बी-२९ विमान कोसळले, त्यात मेलेल्या तीन नागरी तज्ज्ञांच्या विधवांनी अपघाताचा अहवाल मागितला, आणि त्यात गुप्त उपकरणांची माहिती असल्याचे सांगून सरकारने तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने अहवाल न पाहताच सरकारचे म्हणणे मान्य केले. अनेक दशकांनी तो अहवाल खुला झाला, तेव्हा त्यात गुप्त उपकरणांचे वर्णन सापडले नाही. विमानाच्या देखभालीतील उणिवा मात्र सापडल्या. ग्रूम लेकच्या खड्ड्यांत काय जळत होते याचे कागद असेच कधी खुले झाले, तर त्यांत विमानांची गुपिते किती आणि कचऱ्याचा हिशेब किती, हे तेव्हाच कळेल. एका पिंपात काय होते हे सांगितल्याने कोणत्या विमानाचे रहस्य फुटले असते, याचे उत्तर मला सुचत नाही. रडारला चकवणाऱ्या लेपांचे घटक त्या धुरात असू शकतात हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण बंद दाराआड, न्यायाधीश आणि डॉक्टरांपुरती ती माहिती देण्याचा मार्ग होता आणि तो चोखाळला गेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्लिंटन यांच्या आदेशातील त्या एका वाक्याने तळाचे अस्तित्व १९९५मध्येच राष्ट्राध्यक्षांच्या सहीनिशी मान्य झाले होते. एप्रिल २०००मध्ये रशियन उपग्रहाने टिपलेली तळाची छायाचित्रे महाजालावर कुणालाही पाहता येऊ लागली. तरी अधिकृत मौन आणखी तेरा वर्षे चालू राहिले.

कबुली आणि तिच्यातले भारताचे पान

२००५मध्ये अभ्यासक जेफ्री रिचेल्सन यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि ऑगस्ट २०१३मध्ये सीआयएने आपल्याच दोन इतिहासकारांनी १९९२मध्ये लिहिलेला, चारशेहून अधिक पानांचा यू-२ आणि ए-१२ प्रकल्पांचा इतिहास जवळजवळ संपूर्ण स्वरूपात खुला केला. १९९८मध्ये याच इतिहासाची काळ्या पट्ट्यांनी झाकलेली प्रत निघाली होती. आता त्या पट्ट्यांखालून 'एरिया ५१' आणि 'ग्रूम लेक' ही नावे नकाशासह वर आली. परग्रहवासी त्यात कुठेही नव्हते.

मराठी वाचकाला या दस्तऐवजात आणखी एक नाव सापडते, ते म्हणजे ओडिशातील चारबाटिया. चीनने आक्रमण केल्यावर ११ नोव्हेंबर १९६२ रोजी पंतप्रधान नेहरूंनी सीमाप्रदेशावरून यू-२ च्या उड्डाणांना परवानगी दिली. त्यानंतर दहा-बारा दिवसांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. थायलंडमधून उडणारी ही विमाने हिमालयावरून चिनी तळांची छायाचित्रे आणत होती. जून १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या भेटीत भारतातच तळ देण्याचा प्रश्न निघाला आणि चारबाटियाची दुर्लक्षित धावपट्टी निवडली गेली. २४ मे १९६४ रोजी तिथून पहिले उड्डाण झाले. तीन दिवसांनी नेहरू गेले आणि काम थांबले. डिसेंबर १९६४मध्ये आणखी तीन उड्डाणे झाली, आणि जुलै १९६७मध्ये तिथला अमेरिकी मुक्काम संपला. भारतीय नागरिकांना आपल्या भूमीवरील या घटनेचा अधिकृत तपशील ज्या दिवशी मिळाला, त्याच दिवशी नेवाडाच्या रहिवाशांना आपल्या शेजारचा तळ अधिकृतपणे मिळाला.

कबुलीने दंतकथा विरली नाही. जून २०१९मध्ये कुणीतरी गंमतीने फेसबुकवर 'एरिया ५१'वर चालून जाण्याचे आवाहन केले आणि वीस लाखांहून अधिक लोकांनी 'येतो' म्हणून नोंद केली. जेमतेम पाच हजार वस्तीच्या लिंकन परगण्याने आणीबाणीची तयारी केली. २० सप्टेंबरला प्रत्यक्षात फाटकापाशी शे-दीडशे माणसे जमली आणि पांगली.

चार्ल्स्टन शिखर

तळाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतील एक घटना मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी, यू-२ पहिल्यांदा उडाल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, बरबँकहून कामगारांना आणि अधिकाऱ्यांना घेऊन ग्रूम लेककडे निघालेले सी-५४ जातीचे विमान हिमवादळात सापडले आणि लास व्हेगासजवळच्या चार्ल्स्टन शिखराच्या कड्यावर आदळले. विमानातील सर्व १४ जण मरण पावले. ते कुठे निघाले होते आणि कशासाठी, हे त्यांच्या बायकामुलांना सांगितले गेले नाही. वृत्तपत्रांत एका लष्करी विमानाचा अपघात एवढेच छापून आले. मुले मोठी झाली, त्यांनाही मुले झाली, आणि वडिलांच्या मृत्यूची जागा त्यांच्यासाठी नकाशावरची कोरी जागाच राहिली.

मलबा तिथेच उघड्यावर पडून होता आणि डोंगर चढणारे त्याला ओलांडून जात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशाच एका गिर्यारोहकाने हे विमान कोणते, म्हणून विचारायला सुरुवात केली. त्याच सुमारास यू-२ चे कागद हळूहळू खुले होऊ लागले होते, आणि त्याने एकेका कुटुंबाला शोधून काढले. २०१५मध्ये शिखराच्या पायथ्याशी शीतयुद्धातील अशा अनामिक मृतांचे स्मारक उभे राहिले. तिथे त्या विमानाचा वाकलेला पंखा बसवलेला आहे, आणि त्या १४ जणांची नावे आता तिथे कुणालाही वाचता येतात.